इंग्लंडच्या खेड्यात चार दिवस चालायला जातोय, पण लोकांच्या शेतातून जायचं कसं?

द्राक्षबाग_६१

राम राम मंडळी. इथे वाचतो बऱ्याच दिवसांपासून पण लिहितोय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मूळ दिंडोरी तालुक्यातला, राहायला गंगापूर रोडला, वय ६१. मुलगी शेफील्डला शिकते, जुलैत तिचं कॉन्व्होकेशन आहे म्हणून मी आणि मिसेस दोघं चाललोय. बागेची एप्रिल छाटणी उरकलेली असते, ऑक्टोबर छाटणीला अजून वेळ असतो, त्यामुळे जुलै मला बरा पडतो. पण ते लंडन, राजवाडा, मेणाचे पुतळे यात मला काडीचा रस नाही. मुलीला म्हटलं मला तिथलं खेडं दाखव, शेती दाखव. तर तिने ईडेल नावाच्या गावात चार रात्री बुक करून टाकल्या (मी एडेल म्हणत होतो, तिने दुरुस्त केलं). डर्बीशायरमधलं गाव आहे, लोकवस्ती चारशेच्या आत, दरीत वसलंय, भोवती डोंगर, आणि तिथे लोक फक्त चालायला जातात म्हणे. देव नाही, प्रदक्षिणा नाही, नुसतं चालायला.

आता माझी अडचण सांगतो. पोरीने नकाशाचा फोटो पाठवला, त्यात हिरव्या तुटक रेघा आहेत, त्या म्हणे पायवाटा. बरं त्या रेघा जातात कुठून तर थेट लोकांच्या शेतातून, एका ठिकाणी तर घर आणि गोठा यांच्या मधून! मी शेतकरी माणूस आहे, मला ते बघूनच कसंतरी झालं. माझ्या बांधावरून कोणी अनोळखी गेला तर मी हटकतो, आणि तीन वर्षांपूर्वी रोजची कटकट नको म्हणून तारच ओढून घेतली. मग परक्या देशात आपण दोन म्हातारे कोणाच्या तरी कुरणातून चाललोय आणि तो गोरा शेतकरी बंदूक घेऊन आला तर काय बोलायचं त्याला? मुलगी हसते नुसती.

दुसरं म्हणजे ते नॅशनल पार्क आहे असं कळलं, तर तिकीट, गाइड, गेटची वेळ असलं काही असतं का, ताडोब्यासारखं. तिसरं, मिसेसचे गुडघे. पंचवटी ते सोमेश्वर सपाटीला कितीही चालेल पण उतार आला की बसते. आणि आषाढीपासून तिचा कांदा लसूण बंद असतो, तर तिथे खाणार काय. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा.

सिडको_ट्रेकर

काका रागावू नका पण ईडेलचा सगळ्यात उंच डोंगर किंडर स्काउट, उंची ६३६ मीटर. आपलं नाशिक शहरच ६०० मीटरच्या आसपास आहे ना भो. म्हणजे तुम्ही सीबीएसला रिक्षाची वाट बघत उभे राहता तेवढ्या उंचीवर ते लोक झेंडा लावून फोटो काढतात 😄 आपल्याकडे साल्हेर १५६७, कळसूबाई १६४६, हरिहरच्या पायऱ्या बघून तर त्यांना चक्कर येईल. विमानाला लाख रुपये घालून टेकडी चढायला कशाला जायचं. कॉन्व्होकेशन करा, चार फोटो काढा, परत या, आणि श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी मारा.

शेफील्डकर_नाशिककर

वरच्या भावाला दंडवत, मीही आलो तेव्हा असंच बोलायचो. आठ वर्षं झाली इकडे. उंचीवर जाऊ नकोस मित्रा, त्याची गोष्ट खाली सांगतो.

काका, आधी तुमचं टेन्शन घालवतो. बंदूक घेऊन कोणी येणार नाही. त्या हिरव्या तुटक रेघा म्हणजे पब्लिक फूटपाथ. इथे फूटपाथ म्हणजे रस्त्याकडेची फरशी नाही, शेतातली पायवाट. जमीन शेतकऱ्याचीच, सातबारा म्हणाल तर त्याच्याच नावावर, पण त्या वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांचा, तुमचाही, व्हिजिटर व्हिसावर आलात तरी. शेतकऱ्याला ती वाट अडवता येत नाही. नांगरट केली तर नांगरल्यापासून १४ दिवसांत वाट परत सारखी करून द्यावी लागते, शेताच्या मधून जाणारी असेल तर निदान एक मीटर रुंद. पीक उभं असलं तरी त्यातून ती पट्टी मोकळी ठेवायची. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरतात. पिवळा बाण दिसला की फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकललाही परवानगी. बाणाच्या मागे जायचं, बस.

कुंपण लागलं की स्टाइल लागते. स्टाइल म्हणजे आपली स्टाइल नाही, भिंतीवरून किंवा तारेवरून चढून पलीकडे उतरायच्या पायऱ्या, जनावराला न जमणाऱ्या. त्या चांगल्या ठेवायची जबाबदारी मालकाची. भिंती सगळ्या सुक्या दगडाच्या, चुना माती काही नाही, नुसती रचाई, आपल्याकडे पौळ घालतात तशी, कोकणात गडगा म्हणतात ते. काकूंना स्टाइल जड जाईल, पण ईडेलच्या खालच्या वाटांवर बऱ्याच ठिकाणी फाटक आहे. त्यातल्या एका प्रकाराला किसिंग गेट म्हणतात, नाव ऐकून लाजू नका, फाटक दोन्हीकडच्या खांबाला नुसतं टेकतं म्हणून ते नाव. अर्धगोल पिंजऱ्यात शिरायचं, फाटक ढकलायचं, पलीकडे निघायचं. माणूस जातो, गाय अडकते.

नॅशनल पार्कचं म्हणाल तर तिकीट नाही, गेट नाही, जिप्सी नाही, वाघ तर नाहीच. पीक डिस्ट्रिक्ट हा ब्रिटनमधला पहिला नॅशनल पार्क, १९५१चा, आणि त्यात माणसं राहतात, ३८ हजारांच्या आसपास. जमीन बहुतेक खाजगी. नॅशनल पार्क असं म्हणायचं आणि आत मेंढ्या, पब, शाळा, सिमेंटचा कारखानासुद्धा. होपला आहे तो, डोंगरावरून धुराडं दिसतं, फोटोत कोणी दाखवत नाही एवढंच.

यायला शेफील्डहून थेट गाडी आहे, अर्ध्या पाऊण तासात ईडेल स्टेशन. १८९४ची लाइन. मँचेस्टरकडून आलात तर काउबर्न बोगद्यातून, तीन किलोमीटरच्या वर लांब आहे तो, बाहेर पडलं की एकदम हिरवी दरी. कसारा चढून इगतपुरीला उजेडात येतो ना आपण पावसाळ्यात, डिट्टो तसं वाटतं. मला दर वेळी घरची आठवण येते तिथे.

निवृत्त_सर्कल

द्राक्षबागवाले, मी महसुलात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी निफाड दिंडोरी पट्ट्यात, तेव्हा तुमची ती तार मला इथूनही दिसतेय 🙂

मुलगा डर्बीला आहे म्हणून दोनदा जाणं झालं. लोक तिकडे किल्ले बघतात, मी त्यांचा गाव नकाशा बघत बसलो. शेफील्डकरांनी सांगितलं त्याच्या मुळाशी आपलीच जुनी गोष्ट आहे, वहिवाट. त्यांच्या १९८०च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये कलम ३१ आहे. २० वर्षं लोक एखाद्या वाटेने राजरोस, कोणाला न विचारता आणि कोणी न अडवता गेले तर ती वाट सार्वजनिक धरतात, मालकाने त्या काळात स्पष्टपणे नाही म्हटलेलं नसेल तर. आपल्या १८८२च्या इझमेंट अ‍ॅक्टमध्येही वीसच वर्षं आहेत, कायदा करणारे तेच ना. फरक पुढे आहे. त्यांनी १९४९च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला लावलं कामाला, की तुमच्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटांचा एक पक्का नकाशा करा. त्या नकाशावर वाट एकदा चढली की चढली, मालक बदलो, बाप मरो, वाटणी होवो, वाट तिथेच.

आपल्याकडे गाव नकाशावर तुटक रेघा आहेत, पाणंद आहे, शिवरस्ता आहे, सगळं आहे. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मागता येतो, तहसीलदार देतात. वाट अडवली तर १९०६चा मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट, कलम ५. पण त्यात अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांत यावा लागतो, आणि तेवढ्यात माणूस एक तर भांडण करतो नाहीतर लांबून जायला लागतो. शिवाय आपलं १४३ हे शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाता यावं म्हणून. कोणी हौशी माणूस काठी टेकत मजेत चाललाय, त्याचा हक्क आपल्या कायद्याच्या डोक्यातच कधी आला नाही. कारण आपल्याकडे मजेत कोण चालायचं. चालायचं ते पाण्याला, शाळेला, नाहीतर पंढरपूरला.

आणि हे हक्क त्यांनाही कोणी ताटात वाढून दिलेले नाहीत. सिडको_ट्रेकर ज्याला टेकडी म्हणतो त्याच किंडर स्काउटवर १९३२ साली २४ एप्रिलला शेदोनशे नाही, चारशेच्या आसपास माणसं जाणूनबुजून घुसली होती. बहुतेक मँचेस्टरकडची, गिरण्या कारखान्यांतली तरणी पोरं, आठवडाभर धूर खायचा आणि रविवारी डोंगर. डोंगर होता जमीनदारांचा, ग्राउस नावाचा पक्षी मारायच्या शिकारीसाठी राखलेला, वर्षातले थोडे दिवस शिकार आणि बाकी वर्ष रखवालदार लोकांना हाकलणार. हेफील्ड गावाच्या एका दगडखाणीत जमले, पुढारी बेनी रॉथमन, वय वीस. रखवालदारांशी झटापट झाली, सहा जणांना धरलं, पाच जणांना दोन ते सहा महिने तुरुंग. आपल्याकडे त्याच्या दोनच वर्षं आधी, १९३०ला, चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला होता, तिथे तर गोळ्या चालल्या, त्यामुळे तुलना करत नाही. पण साहेबाच्या स्वतःच्या घरातही डोंगर कोणाचा हे भांडण त्याच वेळी चालू होतं हे मला तिथे गेल्यावर कळलं. शाळेत नाही शिकवलं कोणी.

२००२ला, सत्तर वर्षं झाली तेव्हा, त्या जमीनदाराच्या नातवाने, डेव्हनशायरच्या ड्यूकने, जाहीर माफी मागितली. आणि २०००च्या कायद्याने किंडरसारख्या उघड्या माळावर तर वाट सोडूनही चालायची मुभा झाली. ग्राउस अजून आहेत.

अंजनेरीची_पोर

सर्कल काका 🙏 यावर वेगळा धागा काढा कृपया.

काकूंच्या बाजूने मी लिहिते, कारण पुरुष मंडळी सगळी कायदा आणि उंचीत अडकलीत. मी दोन वर्षं मँचेस्टरला होते आणि आईला घेऊन ईडेलला तीन दिवस राहिले होते, तिच्याही गुडघ्यांची हीच कथा.

ईडेल हे खरं तर एक गाव नाहीच, पाच पाडे आहेत. अप्पर बूथ, बार्बर बूथ, ग्राइंड्सब्रुक बूथ, ऑलरब्रुक बूथ, नेदर बूथ. बूथ म्हणजे पूर्वी गुराखी जनावरं घेऊन राहायचे त्या झोपड्या, आपल्याकडे वाडी किंवा ठाकरवाडा म्हणू तसं. हे पाडे शेताशेतातून पायवाटांनी जोडलेत आणि ते जवळपास सपाट आहे, नोए नावाची छोटी नदी बाजूने. काकूंनी पहिल्या दिवशी गावातून अप्पर बूथपर्यंत जावं, साधारण तीन किलोमीटर, मेंढ्या बघत, पाहिजे तिथे बसत. तीच वाट पेनाइन वेची सुरुवात आहे, ४३१ किलोमीटर पार स्कॉटलंडपर्यंत जाते, १९६५ला सुरू झाली, गावातल्या ओल्ड नॅग्स हेड पबपासून निघायचं. आई लगेच नाशकात फोन करून सांगत होती की आज मी स्कॉटलंडच्या रस्त्याला लागले.

अप्पर बूथच्या पुढे जेकब्ज लॅडर लागते, दगडी पायऱ्यांचा चढ. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा माणूस तिथे राहायचा, घोडी वळणावळणाने वर जायची तोवर हा सरळ चढून जाता यावं म्हणून पायऱ्या खोदल्या त्याने, असं सांगतात. पायथ्याला जुना दगडी पूल आहे, एक घोडं जाईल एवढाच रुंद. काकू पुलावर बसतील, काका वर जाऊन येतील.

दुसऱ्या दिवशी हॉलिन्स क्रॉस. हा चढ आहे पण सौम्य, आई थांबत थांबत सव्वा तासात चढली. वर गेलं की खिंड, इकडे ईडेल आणि पलीकडे कासलटनची दरी, वारा असा की ओढणी उडते. पूर्वी ईडेलला चर्च नव्हतं तेव्हा मयत याच खिंडीतून खांद्यावर न्यायचे. नंतर ईडेलला सुताची गिरणी झाली, तर कासलटनच्या बायका रोज ही खिंड ओलांडून कामाला यायच्या, पावसात, अंधारात. आई ते ऐकून म्हणाली, आणि घरी जाऊन भाकरी कोण करायचं.

खिंडीतून उजवीकडे धारेने गेलं की मॅम टॉर, ५१७ मीटर. मॅम म्हणजे आई. डोंगराचा उतार सारखा घसरतो आणि खाली छोट्या टेकड्या होतात, तिला पोरं झाल्यासारख्या, म्हणून आई. त्याच घसरणीत खालचा मोटाररस्ता इतक्या वेळा वाहून गेला की १९७९ला त्यांनी तो सोडूनच दिला. फाटलेलं डांबर अजून तिथे तसंच आहे, थरावर थर, जाऊन बघता येतं. आमच्याकडे बिटको पॉइंटला पण बघता येतं म्हणा. धारेवर फरशा घातल्यात त्यामुळे चिखल नाही. उतरताना मात्र काकूंना दोन काठ्या द्या, एक नाही, दोन.

खाण्याचं, खरं बोलते. शाकाहारी सगळीकडे मिळतं, मेनूवर व्ही लिहिलेलं असतं, पण कांदा लसूण सोडून पबमध्ये काही मागितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. सूपमध्ये कांदा, सॉसमध्ये लसूण, भाजीच्या पायमध्ये दोन्ही. काकूंसाठी जॅकेट पोटॅटो, म्हणजे अख्खा भाजलेला बटाटा, वर चीज. आणि स्कोन, जॅम, क्लॉटेड क्रीम, ते उपासाला चालत नाही पण कांदा नाही त्यात. स्वयंपाकघर दुपारी लवकर बंद होतं, तीन वाजता जेवण मागाल तर चिप्सचं पाकीट हातात देतील. घरून चिवडा, खाकरा, भाजणी, शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे, तूप, खवा नेऊ नका, दुधाचं आणि मांसाचं काही आपल्याकडून नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. राहायला किचन असलेलं घेतलंय का ते मुलीला विचारा.

सिडको_ट्रेकर

ठीक आहे, टेकडी शब्द मागे घेतो. पण तो १९३२चा विषय वाचल्यावर नेटवर किंडरचे व्हिडिओ बघत बसलो तर हे काय, तिथे पण उलटा धबधबा आहे?? नाणेघाटासारखा सेम.

शेफील्डकर_नाशिककर

हो, किंडर डाउनफॉल. तीस मीटरचा आहे, पीक डिस्ट्रिक्टमधला सगळ्यात उंच. पश्चिमेचा वारा जोरात लागला की पाणी खाली पडायच्या ऐवजी उडून वर येतं, लांबून धूर निघाल्यासारखं दिसतं. उन्हाळ्यात पाऊस नसेल तर नुसती ओल असते, त्यामुळे काका जुलैत फार अपेक्षा ठेवू नका.

आता उंचीची गोष्ट. कळसूबाईला टोक आहे, वर देऊळ आहे, चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही, शिडी आहे, गर्दी आहे, लिंबूपाणी आहे. किंडरला टोकच नाही. वर गेलं की भलंमोठं सपाट पठार, आणि ते पीटचं. पीट म्हणजे हजारो वर्षं कुजलेलं शेवाळ, काळं, स्पंजासारखं, आणि त्यात पाण्याने कोरलेल्या घळी, काही माणसाच्या डोक्यापेक्षा खोल. घळीत उतरलं की पुढचं दिसत नाही, वर चढलं की पुढची घळ. माझा दुसराच ट्रेक होता तो, नोव्हेंबरचा, मी असाच ६३६ मीटर ६३६ मीटर करत गेलो, जॅकेट पातळ, पायात जॉगिंगचे बूट, नकाशा फोनमध्ये. दुपारी दोनला धुकं आलं. शॉर्टकट म्हणून काठ सोडून मध्ये घुसलो आणि तासाभराने माझ्याच बुटाचे ठसे मला परत दिसले. तेव्हा जी तंतरली ना. चार वाजता अंधार पडतो नोव्हेंबरमध्ये. थंडीने फोनची बॅटरी ४० वरून एकदम बंद. शेवटी एक म्हातारं जोडपं भेटलं, सत्तरीचं असेल, त्यांच्याकडे कागदी नकाशा आणि होकायंत्र, त्यांनी काही लेक्चर दिलं नाही, नुसतं म्हणाले आमच्या मागे या. दक्षिणेला चालत राहिलो, काठ लागला, खाली गावाचे दिवे. पबमध्ये त्यांनीच मला सूप पाजलं वर.

म्हणून काका, कागदी नकाशा घ्या, ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल १, डार्क पीक. एकास पंचवीस हजार, प्रत्येक भिंत दिसते त्यात. वेळेचा हिशेब नेस्मिथचा, १८९२ पासून चालतोय, पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर शंभर मीटरला दहा मिनिटं जास्त, आणि तुमच्या वयाला वर निम्मा धरा. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो ही चैन. पाऊस वरून नाही, आडवा येतो, छत्री घरी ठेवा. काही झालंच तर ९९९, पोलिस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू सांगायचं. ते सगळे स्वयंसेवक असतात, कामधंदा सोडून येतात.

आणि एक, वासरू असलेली गाय दिसली तर लांबून. कुत्री असलेले लोक तिथे तुडवले गेलेत. शेतकरी आहात, तुम्हाला काय सांगायचं.

द्राक्षबाग_६१

सगळ्यांचे आभार, मिसेसला सगळं वाचून दाखवलं, भाकरीवाल्या वाक्याला तिने मान डोलावली.

सर्कल साहेब, तुम्ही बरोबर नस पकडलीत. तार कशाला मारली तर पलीकडच्या वस्तीवरच्या बाया पाण्याला आणि पोरं शाळेला माझ्या बांधावरून जायची. पोरं घड तोडायची, एकदा औषध मारलेलं असताना तोडले, माझ्या डोक्याला घोर लागला की उद्या काही झालं तर माझ्यावर येईल. चुकीचं कारण नव्हतं. आता ते रस्त्याने फिरून जातात. बघू. आता आधी बूट घ्यायचेत.

द्राक्षबाग_६१

परत आलो मंडळी, ऑगस्ट लागला, जेटलॅग की काय तो गेला. वचन दिल्यासारखं लिहितोय.

चार दिवसांतले दीड दिवस पाऊस, आडवाच, शेफील्डकर म्हणाले तसा. किंडरवर गेलो मी आणि मुलगी, जेकबच्या पायऱ्यांनी, आणि काठ सोडला नाही. पठार बघून वाईट वाटलं खरं तर. मुलीने सांगितलं की दोनशे वर्षं मँचेस्टर शेफील्डच्या धुराने आणि मेंढ्यांच्या चराईने वरचं शेवाळ मेलं होतं, माती उघडी पडून वाहून जायची, आता शेवाळाचे छोटे छोटे पुंजके हाताने लावत आणलंय परत, घळींना दगडाचे बांध घातलेत. आपले नालाबंडिंगच की. हे मला त्या धबधब्यापेक्षा आवडलं (धबधब्याला पाणी नव्हतं, ओलच होती). पावसाळी डोंगर असून चूल, शेगडी पेटवायला बंदी आहे, २०१८ला जवळच्याच सॅडलवर्थ माळाला मोठी आग लागली होती, पीट आतून धुमसत राहतं. अंजनेरीला वणवे लावणाऱ्यांना दाखवायला पाहिजे.

मिसेस हॉलिन्स क्रॉस चढली. दोन काठ्या घेऊन, एक तास चाळीस मिनिटं. कासलटनला उतरलो, टॅक्सीने होप स्टेशन, तिथून एकच स्टेशन ईडेल. तिने तिथे जांभळ्या दगडाचं ब्लू जॉनचं पदक घेतलं, किंमत विचारू नका. जेवणाचे हाल झाले, बटाटा बटाटा बटाटा. शेवटी तिनेच किचनमध्ये पिठलं केलं तर शेजारच्या खोलीतला एक गोरा पोरगा वास घेत आला, त्याला वाटीभर दिलं, आणि मग तो रोज संध्याकाळी चक्कर टाकायला लागला.

आता मूळ प्रश्नाचं. घर आणि गोठ्याच्या मधल्या वाटेने गेलो आम्ही. मी नको म्हणत होतो, आत मन धजत नव्हतं. अगदी दारावरून, खिडकीत भांडी दिसत होती धुतलेली. एक बाई होती, मेंढ्यांना काहीतरी पाजत होती, गुडघाभर बूट. आमच्याकडे बघितलं, हात वर केला, आणि एवढंच म्हणाली की पुढचं फाटक नीट लावा, कालच कोणीतरी उघडं टाकून गेलं. त्रासलेली होती, गोड बिड काही बोलली नाही. पण वाटेबद्दल एक शब्द नाही. मी फाटक लावलं, परत ओढून बघितलं लागलंय का, मग निघालो. मुलगी म्हणे बाबा चारदा काय ओढता.

तर आता काम असं आहे, ते किसिंग गेट मी मोबाईलवर मोजमाप घेऊन आलोय पण तिथलं माप इथे चालत नाही. आमच्याकडे शेळ्या आहेत, मेंढीपेक्षा हुशार, आणि बाया डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन जातात, त्या पिंजऱ्यात वळता यायला पाहिजे, पाणी सांडायला नको. दिंडोरी नाक्याच्या वेल्डिंगवाल्याने चार फुटी अर्धगोल सांगितलाय, सव्वा इंची पाइप. सर्कल साहेब, शेफील्डकर, कोणाला अंदाज आहे का बरोबर किती ठेवायचा?

निवृत्त_सर्कल

चार फूट कमी पडेल, पाच ठेवा. आणि फाटकाला खालून जाळी मारा, शेळी गुडघे टेकून जाते. दगडी खांबाऐवजी सिमेंटचा घेतला तरी चालेल, पण बिजागरी चांगल्या प्रतीची घ्या, पोरं लटकणार आहेत त्याला.

सिडको_ट्रेकर

काका तो ओएल १ नकाशा आता लागणार नसेल तर मला द्याल का? गंगापूर रोडला येऊन घेऊन जातो. फक्त बघायला पाहिजे.